एका यंत्रांत सर्व करमणूक

करमणुकीचीं साधनें पूर्वीं निरनिराळीं होतीं. एडिसनचें बोलकें यंत्र १८७७ सालीं निघालें; चलच्चित्रें मुंबईकरांनीं प्रथम १८९६ सालीं पाहिलीं; नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. पुढें रेडिओ व कॅसेट एकत्र करून ‘टू-इन-वन’ आला, त्याचें केवढें कौतुक झालें! आतां तर रेडिओ, सिनेमा, कॅमेरा, खेळ, वर्तमानपत्र, इतकेंच नव्हे तर पवित्र शास्त्र व गीतांचें पुस्तक, हीं सर्व तळहाताएवढ्या एका कांचेमागें येऊन बसलीं आहेत. हा फोन उपासनामंदिराच्या दाराबाहेरच ठेवावा, असें कित्येक वडिलांचें मत आहे. ह्यांत हित किती व अहित किती, हें पाहिलें पाहिजे.

हित आधीं सांगणें न्यायाचें आहे. २०१७ सालीं जिओफोन दीड हजार रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर मिळूं लागला. त्यांत रेडिओ, कॅमेरा व बॅटरीचा दिवासुद्धां होता. जें पूर्वीं एखाद्या देशमुखाच्या वाड्यांतच एकत्र आढळलें असतें, तें आपल्या वऱ्हाडांत कापूस वेंचणाऱ्या बाईच्या हातीं आलें. मेळघाटांतून मजुरीस दूर गेलेला मुलगा आईशीं बोलतो. ज्यांस अक्षरओळख नाहीं, त्यांस शुभवर्तमान कानांनीं ऐकतां येतें. अशा वस्तूस सैतानाचें यंत्र म्हणणें मला तरी धाडसाचें वाटतें.

फोन बिघडला कीं सर्वच एकदम बंद पडतें, ही गैरसोय लहान आहे. खरें अहित निराळें. पूर्वीं खेड्यांतल्या तरुणास सिनेमा पाहावयाचा तर अकोल्यास किंवा अमरावतीस जावें लागे. पैसे मागावे लागत, कारण सांगावें लागे, वाट चालावी लागे. त्या वाटेवर विवेकबुद्धीस बोलावयास अवकाश मिळे. (सर्वच तिचें ऐकत असें नव्हे.) घरचा रेडिओ मोठ्यानें वाजे, म्हणून जें लागे तें आईबापांच्या कानांवर पडे. आतां स्तोत्र आणि अभद्र चित्र ह्यांत एका बोटाचें अंतर उरलें आहे. आणि कानांत हेडफोन घातला कीं शेजारीं बसलेल्या आईसही कांहीं कळत नाहीं. साधनें एकत्र आलीं, घरचीं माणसें मात्र वेगळीं झालीं.

कोणी म्हणेल, मन शुद्ध असल्यास अंतराची गरज काय? परंतु प्रभूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंतच मोहापासून दूर ठेवण्याची विनंती आहे, आणि ती बळकटांसही करावयास सांगितली आहे. याकोबानें जिभेविषयीं लिहितांना झऱ्याचा दाखला दिला आहे. झरा एकाच मुखांतून गोड व कडू पाणी देत नाहीं. जीभ देते, आणि हें यंत्रही देतें. जीभ कोणी छाटून टाकीत नाहीं, तिला लगाम घालितात.

तेव्हां गेलेलें अंतर आपणच पुन्हां घालावें. संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वीं सर्वांचे फोन कोनाड्यांत ठेवावे व छापील शास्त्र हातोहात फिरवावें. रात्रीं जें पाहावयाचें तें बैठकींत, सर्वांस ऐकूं येईल असें पाहावें. हा नेम बापासही लागू असावा, नाहींतर मुलें हंसतील. ज्या आजीबाईंस डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्यांचा फोन मात्र कोनाड्यांत ठेवूं नये. त्यावर अध्याय लावून द्यावा, आणि घरच्यांनीं तो त्यांच्याजवळ बसून ऐकावा.