मालिका संपते कोणाच्या हिशेबाने?

कोरियन मालिका भावुक आणि चिनी मालिका भव्य, अशी वाटणी आपल्याकडे आता रुळली आहे. तिच्यामागोमाग कन्फ्यूशियसचे नाव येते, मग वडीलधाऱ्यांचा मान, घराण्याची अब्रू, सोसण्याचे मोल. आणि सगळे गुणदोष संस्कृतीच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. पण कन्फ्यूशियस दोघांचाही आहे. त्याच मातीत १६ भागांत आटोपणारी मालिका निघते आणि ७६ भागांचीही, याचा उलगडा मातीकडे बोट दाखवून होत नाही. मालिका कोण लिहितो, ती कशी विकली जाते आणि पहिला भाग दिसण्याआधी किती पूर्ण झालेली असते, इथे तो शोधायला हवा. या मालिकांत जे आवडते आणि जे खुपते, ते बहुधा एकाच व्यवहाराच्या पोटातून आलेले असते.

कोरियात रूढ चौकट अशी: आठवड्याला दोन भाग, एकेक तासाभराचा किंवा त्याहून मोठा, आणि १६ ते २० भागांत शेवट. मालिका सहसा एकाच व्यक्तीने लिहिलेली असते आणि ती व्यक्ती पुष्कळदा स्त्री असते. किम उन-सुक, पार्क जी-उन, पार्क हे-यंग ही नावे तिथला प्रेक्षक कलाकारांच्या बरोबरीने घेतो. (आपल्या रोजच्या मालिकांचे पटकथालेखक किती घरांत नावाने ठाऊक असतात?) हात एक आणि लांबी ठरलेली, म्हणून आरंभी पेरलेले शेवटी उगवू शकते. पार्क हे-यंग यांची २०१८ची ‘माय मिस्टर’ पाहा. नायक इमारतींची मजबुती तपासणारा अभियंता आहे. कर्जाने पिचलेली एक तरुणी त्याला नोकरीतून उठवण्याच्या सौद्यात सामील होऊन त्याचा फोन चोरून ऐकते, आणि ऐकता ऐकता त्याला इतकी ओळखू लागते की त्याच्या वाईटावर राहणे तिला जमेनासे होते. प्रेमकथेचा सोपा रस्ता समोर असून मालिका त्यावर जात नाही. ही ओढ १६ भाग टिकते; तीनशे भागांत तिचा चोथा झाला असता.

पण याच चौकटीने बरेच काही बिघडवलेही. प्रसारण चालू असतानाच लिहायचे आणि चित्रीकरण करायचे, ही तिथली जुनी रीत. प्रेक्षकांचा कौल रोज कानावर पडे, कलाकार रात्र रात्र सेटवर उभे असत आणि शेवटच्या दोन भागांत दमछाक पडद्यावर दिसू लागे. किम उन-सुक सहलेखिका असलेली ‘लव्हर्स इन पॅरिस’ २००४ साली तुफान गाजली. शेवटी मात्र पाहिलेली कथा हे नायिकेने लिहिलेले संहितेचे बाड होते असे निघाले आणि लोक संतापले. डिसेंबर २०१७मध्ये ‘ह्वायुगी’च्या दुसऱ्या भागात दृश्यपरिणामांचे काम अपुरे राहून कलाकारांना बांधलेल्या तारा दिसल्या आणि प्रसारण मध्येच थांबवावे लागले. त्यात जाहिरात आली. मुख्य वाहिन्यांना २०२१पर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवण्याची मुभा नव्हती, तेव्हा माल कथेतच घुसला. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’मध्ये जोडप्याच्या चुंबनासाठी मोटार स्वतःच स्वतःला चालवू लागते. हा प्रसंग प्रणयाचा की मोटारीचा, हे निर्मात्यालाही सांगता आले नसते!

चीनमध्ये उलटे. मालिका पूर्ण तयार करून सरकारी तपासणीत उतरवावी लागते; परवान्याशिवाय प्रसारण नाही. म्हणजे चालू मालिकेची मोडतोड टळते आणि गाजलेल्या कादंबरीचा विस्तार सबुरीने उलगडता येतो. ५४ भागांच्या ‘निर्वाणा इन फायर’मध्ये (२०१५) खोट्या आरोपाखाली नष्ट केलेल्या सैन्यातला वाचलेला एक जण खंगलेल्या देहाने, दुसऱ्या नावाने राजधानीत परततो. त्याला गादी नको आहे, जुना खटला पुन्हा उघडायला हवा आहे. सम्राटाच्या अन्यायाबद्दल इतके थेट बोलता येते, कारण ते राज्य इतिहासात कुठेच नाही. पण विक्री भागांच्या हिशेबाने होत असल्यामुळे जेवढे भाग तेवढी कमाई, आणि मग आमटीत पाणी वाढत जाते. २०२०मध्ये खुद्द सरकारी खात्याला सांगावे लागले की ४० भागांपुढे जाऊ नका, शक्यतो ३०च्या आत उरका. आयच्यी या चिनी व्हिडिओ मंचाने तर आवडत्या कलाकाराचेच प्रसंग पाहण्याची सोय दिली आहे. बाकीचे वगळूनही चालते, याची ही कबुलीच नाही का?

‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग पाहिलेला मराठी प्रेक्षक म्हणेल, संपते हेच पुष्कळ. ती तहान खरी आहे, पण संपणे आणि बांधेसूद असणे एक नव्हे. ७० भागांची ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ही संपतेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तपासणीच्या धाकानेच सूचकता येते. २०२०च्या ‘द बॅड किड्स’चा दाखला इथे चपखल बसतो. मूळ कादंबरीचा शेवट काळाकुट्ट आहे, मालिकेचा वरवर गोड. मात्र मालिकेत एका गोष्टीची दोन रूपे सांगितली जातात, एक परीकथेचे आणि एक वास्तवाचे, आणि त्या किल्लीने प्रेक्षकांनी गोड शेवटाखालचा भीषण अर्थ उघडला. हे यश मान्य. पण ते लेखकाच्या हिकमतीचे आहे, कात्रीचे नाही. त्याच कात्रीने ‘द अनटेम्ड’मध्ये दोन पुरुषांचे प्रेम मैत्रीत बदलले आणि ‘जॉय ऑफ लाइफ’च्या कालप्रवासाला विद्यार्थ्याने लिहिलेल्या कथेची चौकट घालायला लावली. शिवाय ‘द बॅड किड्स’ १२ भागांची होती. भागांचा लोभ सुटल्यावर चिनी दिग्दर्शक काय करतात, ते २०२३च्या ‘द लाँग सीझन’नेही दाखवले, तीही १२च भागांची.

नेटफ्लिक्सच्या पैशाने कोरियन आणि चिनी व्यवहारांतला हा फरक पुसला जाईल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कोरियातही आता मालिका आधी पूर्ण होतात, आणि सेटवरच्या माणसांसाठी ते चांगलेच झाले. पण ‘द ग्लोरी’ दोन तुकड्यांत येते तेव्हा आठवड्याची वाट पाहण्यातून होणारी चर्चा आणि तर्कवितर्क आटतात, आणि त्या वाट पाहण्यावरच कोरियन लेखिकांनी आपली रचना बेतलेली होती. नेटफ्लिक्सलाही हे उमगले असावे. २०२५ची ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स’ १६ भागांचीच आहे, आणि ती एकदम न टाकता दर आठवड्याला चार भाग अशी महिनाभर पुरवली गेली.