रथाचा लगाम



कठोपनिषदात देहास रथ, बुद्धीस सारथी आणि मनास लगाम म्हटले आहे. आज आम्ही लोखंडी रथाच्या लगामाविषयी निवेदन करतो. दसऱ्यास आपण त्या रथाला हार घालतो (त्यास आमचा विरोध नाही). ब्रेकचे पेडल मात्र कोणी तपासत नाही.

विजेच्या गाडीत पाय उचलताच तिची मोटर वीज निर्माण करून वेग आवरते. त्यामुळे तेलाच्या ब्रेकास काम थोडे पडते व त्याचा दोष झाकलेला राहतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असता ही मदत आटते. अशा वेळी चोर्ला घाट उतरणाऱ्या कुटुंबाचे प्राण त्या दुर्लक्षित तेलावरच विसंबून असतात.

गाडी उभी करून पेडल दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत गेले, तर बहुधा तेल गळते किंवा मास्टर सिलिंडरचे रबर झिजलेले असते. स्पंजासारखे लागले, तर नळीत हवा शिरलेली असते. शिवाय डॉट ४ तेल हवेतील ओल शोषते. कोरडे असता ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावलेले १५५ अंशांसही उकळू शकते, आणि वाफ झाली की पाय रिकामाच जातो.

रबर बदलणे, हवा काढणे, नवे तेल भरणे हे जाणत्या मेकॅनिकचे काम. पेडल बसत असेल तर ती गाडी देवदर्शनासही चालवू नये. दुसऱ्या वाहनावर चढवूनच गॅरेजात न्यावी.