दोन प्रश्न

पावसाळ्यात पवनी तालुक्यातल्या आसगावला रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर बांधीच्या चिखलात वाकलेल्या असतात. दवाखान्यात आल्याच, तर एकच तक्रार सांगतात, कंबर दुखते. गोळी मिळते आणि बाई कामाला लागते. झोप लागते का, जेवण गोड लागतं का, कशात मन रमतं का, हे रांगेत कोणी विचारत नाही आणि आपण होऊन ती सांगत नाही.

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन मोजता येतं. दुखणं आणि उदासी ज्याची त्यालाच ठाऊक असते. आपल्या भागात सिकलसेल आहे. सिकलसेल असलेल्या पोराला रात्रभर किती कळा आल्या, हे रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, त्यालाच विचारावं लागतं.

असं विचारण्याची एक छोटीशी सोय आशाताईंच्या पिशवीत आधीच आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा त्या सीबॅक फॉर्म भरतात. त्यात मनाविषयी दोनच प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत काम करण्यात रस वाटेनासा झाला होता का? मन उदास, निराश होतं का? प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण. बेरीज जास्त आली, तर त्या माणसाला पुढे तपासणीला पाठवायचं.

प्रश्न चांगलेच आहेत, विचारायची रीत महत्त्वाची. सासू शेजारी बसलेली असताना सून खरं कसं सांगेल? तिला अंगणात बाजूला घ्यावं. दोन आठवड्यांचा हिशेब चटकन लागत नसेल, तर "मागच्या दोन बाजारांपासून" असं म्हणावं. आणि उत्तर नुसतं ॲपमध्ये जाऊन बसू नये, ते केसपेपरवर उतरावं, कंबरेची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर यावं. महिन्याभराने तेच प्रश्न पुन्हा विचारले, म्हणजे उतार पडला की नाही ते कळतं. एकदाच विचारून सोडून दिलेल्या प्रश्नाचा रुग्णाला काहीच उपयोग नाही, असं मला ठामपणे वाटतं.

हे होऊ शकतं, ते विदर्भानेच दाखवलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेले आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षात ते 27.2 टक्क्यांवर गेले. 'लॅन्सेट सायकियाट्री'ने 2017 साली हे आकडे छापले. तिथे गावातले आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच साखळीत होते. विचारणाऱ्याला पुढे कुठे पाठवायचं ते माहीत होतं, म्हणून विचारण्याला अर्थ होता.

डॉक्टरसाहेब, तुमच्या टेबलावर त्या दोन उत्तरांसाठी जागा ठेवा. आणि माय-बहिणींनो, आशाताई दारात आली की "बरं आहे" म्हणून घाईने उठू नका, दोन मिनिटं बसा आणि जे आहे ते सांगा. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.