फाशांचा हिशेब

तीन फासे टाकले तर नऊची बेरीज सहा तऱ्हांनी जमते. दहाचीही सहाच तऱ्हांनी. मग दहाचं दान जास्त वेळा का पडतं? इटलीतल्या खेळणाऱ्यांना पडलेलं हे कोडं शेवटी गॅलिलिओपुढे आलं. त्याने उकल केली ती अशी: १, २, ६ ही तऱ्हा तीन फाशांवर सहा प्रकारे पडू शकते, ३, ३, ३ मात्र एकाच प्रकारे. एकूण २१६ शक्यतांपैकी नऊच्या वाट्याला २५, दहाच्या वाट्याला २७. शंभर डावांमागे एकाचाही फरक नाही, पण पैसे लावणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला नव्हता!

दहावीच्या वर्गात ‘समसंभाव्य निष्पत्ती’ची व्याख्या आधी येते आणि फासे नंतर, उदाहरणापुरते. इतिहास उलटा घडला. आधी डाव होता, मग भांडण, मग हिशेब. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात प्रश्न होता अर्धवट मोडलेल्या डावाचा. तीन बाज्या आधी जिंकेल त्याला ६४ नाणी. एकाच्या दोन झाल्या, दुसऱ्याची एक, आणि खेळ थांबला. वाटणी कशी करायची? झालेल्या बाज्या मोजल्या तर दोनास एक. या दोघांनी मोजल्या त्या न झालेल्या बाज्या, आणि वाटणी आली ४८ आणि १६. माझ्या मते संभाव्यतेच्या विचारातली खरी झेप हीच. वर्गात मुलांना आधी भांडू द्यावं, सूत्र मागून सांगावं.

चुकूही द्यावं. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता दालाँबेरने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात दोन तृतीयांश सांगितली, कारण पहिलाच छापा पडला की खेळ संपला, असं म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या. बरोबर उत्तर तीन चतुर्थांश. त्यामुळे ‘छापा-काटा आणि काटा-छापा एकच ना?’ असं विचारणाऱ्या मुलावर डाफरण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती एक लाल आणि एक हिरवा फासा द्यावा. लालवर २, हिरव्यावर ५ आणि लालवर ५, हिरव्यावर २ हे त्याला आपोआप वेगळे दिसतात.

‘मुलांना जुगार शिकवता का?’ असं पालक विचारतात. सरकारच लॉटरीची तिकिटं विकतं, तेव्हा हा हिशेब न शिकवणं जास्त महागात पडेल.

पण फाशांवरच थांबलं तर मुलांना वाटतं, जगातल्या सगळ्या शक्यता सारख्याच वजनाच्या. इथे आपला पटावरचा खेळ कामी येतो. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके घ्या. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. पांढरी वर येण्याची संभाव्यता निम्मी धरायची का? आकारावरून सांगता येत नाही. टाकत राहायचं, नोंदत राहायचं. टाकण्याची संख्या वाढत जाते तसं पांढऱ्याचं प्रमाण त्याच्या खऱ्या संभाव्यतेच्या जवळ राहण्याची खात्री वाढते, हे याकोब बर्नुलीने सिद्ध केलं. त्याचा ग्रंथ १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापला गेला. विमा कंपन्यांचं गणित याच वाटेने जातं, कारण माणसाच्या आयुष्याला फाशासारख्या सहा सारख्या बाजू नसतात.