अर्जांतील उद्दिष्ट

मनुष्यानें आपल्या जीविताचा हेतु कोणता मानावा, हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं हजारों वर्षें चर्चिला आहे. परंतु त्याचें उत्तर दोन ओळींत लिहून द्या, अशी मागणी त्यांच्याकडे क्वचितच कोणी केली असेल. ती मागणी आज एकवीस-बावीस वर्षांच्या पदवीधराकडे केली जाते. नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाच्या माहितीपत्रकांत नांवपत्त्याच्या खालीं 'उद्दिष्ट' असा मथळा असतो, आणि त्याखालीं बहुधा एकच वाक्य आढळतें: नामांकित संस्थेंत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधणें. अलीकडे या मथळ्याऐवजीं अनुभवाचा गोषवारा द्यावा, असा सल्ला पुष्कळ जाणते देतात; तथापि ज्यांच्यापाशीं अनुभवच नाहीं, ते नवे पदवीधर अद्यापि उद्दिष्टच लिहितात. ज्याचें तें खरोखर उद्दिष्ट नाहीं, त्यानें तें लिहिणें हें असत्य होय कीं काय?

यावर कोणी म्हणेल, हा केवळ शिष्टाचार आहे. पत्राच्या शेवटीं 'आपला आज्ञाधारक' असें लिहिणारा गृहस्थ कोणाची आज्ञा पाळण्यास बांधलेला नसतो, आणि वाचणाराही तसें समजत नाहीं. मग फसवणूक कोणाची? हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. लिहिणारा व वाचणारा दोघेही ज्यांस पोकळ समजतात, त्या शब्दांनीं वाचणारा फसत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु लिहिणारा फसण्याचा संभव उरतोच. 'आपला आज्ञाधारक' या शब्दांनीं मनुष्य स्वतःविषयीं कांहीं ठरवीत नाहीं. 'माझें उद्दिष्ट' या शब्दांनीं ठरवितो. उसनें वाक्य अर्जामागून अर्जांवर लिहीत गेल्यावर, आपणांस खरोखर काय हवें आहे हें स्वतःस विचारण्याची संवयच सुटत जाते. आतां तर तें वाक्य यंत्राकडून क्षणांत लिहून मिळतें, आणि पुष्कळ ठिकाणीं पहिला वाचकही यंत्रच असतें.

मग खरें तें सगळें लिहावें काय? एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "वडिलांचें कर्ज फेडणें व बहिणीचें शिक्षण पुरें करणें, हेंच माझें उद्दिष्ट आहे. तें लिहूं का, सर?" त्या प्रश्नांत थट्टा होती, तशी वेदनाही होती. अर्थ हा आपल्याकडे चार पुरुषार्थांपैकीं एक मानलेला आहे. कुटुंबासाठीं वेतन मिळविण्यांत लज्जास्पद कांहींच नाहीं. नफा हा आपला हेतु आहे, हें कंपनी आपल्या भागधारकांस उघड सांगते. पगार हा आपला हेतु आहे, हें मात्र उमेदवारानें झांकून ठेवावें अशी अपेक्षा असते. हा न्याय एकतर्फी आहे. तरीही आमचें उत्तर 'लिहूं नका' असेंच होतें. न सांगणें आणि खोटें सांगणें यांत अंतर आहे. धन्यास उमेदवाराच्या कामाची पारख करण्याचा अधिकार आहे. त्याच्या घरच्या चिंता जाणून घेण्याचा नाहीं.

लिओनार्डो दा व्हिंची यानें सुमारें १४८२ सालीं मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा यास उद्देशून केलेल्या अर्जाचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यांत हलके पूल, तोफा, वेढ्याचीं साधनें यांची यादी असून, चित्रकलेचा उल्लेख अगदीं शेवटीं येतो. सांगितलेलें खोटें वाटल्यास करून दाखविण्याची तयारीही त्यानें दर्शविली आहे. युद्ध हें आपल्या जीविताचें ध्येय आहे, असें मात्र तो म्हणत नाहीं. 'मी हें करूं शकतों' एवढेंच तो म्हणतो. आणि असें विधान पारखून पाहतां येतें.

याउलट ज्यांना खरोखरच ध्येय सांगावयाचें होतें, त्यांनीं तें कसें सांगितलें? गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १२ जून १९०५ रोजीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजांत प्रवेश करणाऱ्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. संस्था स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तींत समाधान मानीन, आणि स्वतःसाठीं द्रव्य मिळविण्यांत आपली शक्ति वेंचणार नाहीं, ही त्यांपैकीं एक. ध्येयाची खूण हीच, कीं त्यासाठीं बोलणाऱ्यास कांहीं सोडावें लागतें. अर्जांतील उद्दिष्टापायीं कांहींच सोडावें लागत नाहीं. म्हणून त्यास एवढें भारदस्त नांव शोभत नाहीं.

तरुणांनीं त्या मथळ्याखालीं साधें वाक्य लिहावें, असें आम्हांस वाटतें: मला हिशेबतपासणीचें काम हवें आहे, तें मी शिकलों आहें, तें मी मन लावून करीन. एवढें सत्य असेल तर धन्यास पुरेसें आहे. कर्ज, बहीण आणि त्यापलीकडचें जें कांहीं असेल, तें कागदावर नसलें म्हणून खोटें ठरत नाहीं. त्याचा विचार मात्र ज्याचा त्यानें केला पाहिजे, आणि त्यास अर्जाच्या मुदतीची घाई नको.