येणाऱ्यानेच लावलेला दिवा

घराबाहेर जळणारा दिवा येणाऱ्याला दोन गोष्टी सांगत असतो. पायाखालची वाट कोणती, ही एक. आणि आत कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही दुसरी. वसईतील आमच्या बालपणी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येतील, असे कधी मनातही आले नव्हते. मुंबईहून शेवटच्या गाडीने परतणाऱ्या माणसासाठी ओटीवर कंदील टांगलेला असे. आणि कंदील आहे त्या अर्थी त्याची वात खाली-वर करणारे माणूसही जागे आहे, हे ओघानेच आले. पुढे वीज आली, तरी बटण दाबायला घरात कोणीतरी असावेच लागे. मात्र येणाऱ्याने वाटेवरूनच आपला दिवा आपण लावला, तर त्या दोन गोष्टींपैकी कोणती उरते? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो परदेशात, एका मोटारीत बसलेले असताना.

2018 च्या डिसेंबरात आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, आमच्या मामेबहिणीकडे गेलो होतो. तिचे यजमान आम्हाला विमानतळावरून घरी नेत होते. तिकडे त्या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो. घर दोन-तीन घरांवर आले असता त्यांनी समोरच्या आरशाच्या कडेचे एक बारीक बटण दाबले आणि पुढल्या खोलीची खिडकी उजळली. आम्ही सहज विचारले, "कोण आहे घरी?" ते म्हणाले, "कोणी नाही. ती ड्यूटीवर आहे. दिवा मीच लावला."

या सोयीमागे तेथील राहणीचा इतिहास आहे. अमेरिकेत बहुतेक माणसे घरी येतात ती मोटारीने, आणि पुष्कळ घरांत मोटारीचे दार हेच खरे प्रवेशद्वार झाले आहे. सी. जी. जॉन्सन यांनी 1921 मध्ये वर सरकणारे गॅरेजचे दार काढले आणि 1926 मध्ये ते विजेवर उघडण्याचे यंत्र तयार केले. पुढे हातातल्या रिमोटने दार उघडू लागले, आणि त्यानंतर ते रिमोटही गाडीतच, डोक्यावरच्या झडपेत किंवा आरशात, बसवले गेले. 'होमलिंक' हे त्यांतले प्रसिद्ध नाव. 2013 मध्ये ते आरसे बनवणाऱ्या जेन्टेक्स या कंपनीने विकत घेतले. त्यात बहुधा तीन बटणे असतात. मूळचा रिमोट त्यांच्याजवळ धरून दोन्ही एकदम दाबले की गाडीचे बटण त्याचा रेडिओ-संकेत शिकून घेते. भिंतीतला प्लग आणि टेबलावरचा दिवा यांच्यामध्ये संकेत ओळखणारी छोटी डबी लावली, की त्याच बटणाने दिवाही लागतो.

त्या संध्याकाळी आम्हाला काहीसे उदास वाटले, हे कबूल करतो. आपण येणार म्हणून आपणच दिवा लावायचा आणि मग त्या दिव्याकडे पाहून घरी आलो असे म्हणायचे, यात स्वतःचीच फसवणूक नाही का? दुसऱ्या दिवशी बहिणीशी बोलताना हे आमच्या तोंडून निघून गेले. ती इस्पितळात परिचारिका आहे. तिची पाळी रात्री अकराला संपते. ती म्हणाली, "दादा, ते यंत्र मीच बसवून घेतलं. ह्यांना पहाटे पाचला उठायचं असतं, तरी माझ्यासाठी रोज बारापर्यंत जागत बसायचे. दिवा बघून मला बरं वाटायचं, पण दिव्याखालचा चेहरा बघून वाईट वाटायचं."

तिच्या या उत्तराने आम्ही ओशाळलो. कंदील घेऊन वाट पाहणाऱ्या आईचे चित्र आपण आजवर मोठ्या प्रेमाने रंगवले. तिच्या जागरणाचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. दिवसभर राबलेल्या बाईने मध्यरात्रीपर्यंत ताटकळत बसावे, यातच प्रेम आहे असे मानणे येणाऱ्याला सोयीचे असते. ज्या यंत्राने एका माणसाच्या डोळ्यांवरचा हा भार उतरतो आणि रात्री एकटीने परतणाऱ्या बाईच्या मनातील अंधाराची भीती जाते, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

तथापि, यंत्राला काय येत नाही, हेही पाहिले पाहिजे. त्याला संकेत कळतो. माणूस कळत नाही. पूर्वीच्या रिमोटांचा संकेत ठरावीक असे, त्यामुळे तो चोरून उतरून घेता येई. 1990 च्या दशकात प्रत्येक वेळी बदलणारा संकेत आला आणि गॅरेजच्या दारांची ती उणीव पुष्कळ भरून निघाली. पण बटणावर बोट कोणाचे आहे, हे त्या दारालाही कळत नाही. म्हणूनच गाडी विकताना कडेची दोन बटणे दाबून धरून तिची सारी आठवण पुसून टाकावी लागते. ते राहून गेले, तर घराची खूण परक्याच्या हाती जाते. आमची आई अंगणातल्या पावलांवरून माणूस ओळखायची, आणि पाऊल जड पडले तर काही बिनसले आहे हेही ओळखायची. दिव्याची ती डबी थकून आलेल्यासाठी आणि आनंदाने आलेल्यासाठी सारखाच दिवा लावते. वाट दाखवण्याचे काम ती चोख करते. वाट पाहण्याचे काम तिचे नव्हेच. धोका आहे तो पहिले काम झाले म्हणून दुसरेही झाले, असे आपण समजण्यात.

तिसऱ्या रात्री, दिवस-रात्रीच्या उलथापालथीमुळे, आम्हाला झोप नव्हती. साडेअकराच्या सुमारास बाहेरच्या बोळात एकाएकी उजेड झाला. गाडी अजून दारात यायची होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीचे दार उघडले आणि शाल पांघरून यजमान स्वयंपाकघरात गेले. गॅरेजचे दार वाजेपर्यंत भात-आमटी गरम होऊ लागली होती. सकाळी आम्ही विचारले, "हे यंत्र तुम्हाला झोप मिळावी म्हणून ना?" ते हसून म्हणाले, "दहापासून झोपतो की! त्या बटणावर दोन दिवे आहेत. एक पुढच्या खोलीत, आणि दुसरा मी मुद्दाम बोळात ठेवलाय. दाराखालून उजेड आला की जाग येते. ती रागावते, पण जेवते."

आम्हाला दहा कुमारींचा दाखला आठवला. त्यात दिवे होते ते वाट पाहणाऱ्यांच्या हाती. येणाऱ्याच्या हाती नव्हे. पण त्यातली एक गोष्ट आपण बहुधा विसरतो. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली होती, शहाण्यांनाही. त्या झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही. हाक आली तेव्हा उठून दिवा पेटवण्यापुरते तेल कोणाजवळ होते, एवढेच तिथे पाहिले गेले. सतत जागे राहणे ही एक गोष्ट. जागे होण्यास तयार असणे ही दुसरी. त्या घरी येणाऱ्यानेच लावलेला दिवा ही हाक झाली होती, आणि ती ऐकण्याची तजवीज आतल्या माणसाने स्वतःहून करून ठेवली होती. बहिणीने त्यांना झोप दिली; त्यांनी त्या झोपेतला एक तुकडा तिला परत दिला. यंत्र दोघांच्या मध्ये होते, पण आड आले नव्हते.

आता अशा सोयी आपल्याकडेही आल्या आहेत. अंगणात पाऊल पडताच आपोआप पेटणारे दिवे आहेत. मोबाईलवरून लागणारेही आहेत. रात्रपाळी करून येणारा मुलगा आता अंधारात ठेचकाळत नाही, आणि म्हाताऱ्या आईला त्याच्यासाठी जागावे लागत नाही. हे चांगलेच झाले. परंतु जागरणाचा जो भार आपल्यावरून उतरला, त्याच्या जागी आपण काय ठेवले, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. अंगणातला उजेड आपल्या खोलीच्या दाराखालून आत येतो का? आणि आला, तर "जेवलास का?" एवढे विचारण्यापुरते कोणी उठते का?

त्या दिव्यांचे बटण आरशाच्या कडेला होते, एवढे आता आम्हाला अंधुक आठवते. बोळातला दिवा कुठे ठेवला होता, ते मात्र स्पष्ट आठवते.