दारी उभी राहिलेली आई



तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत एक हृद्य प्रसंग आहे. अध्ययन पुरे करून शिष्य घरी निघाला आहे आणि आचार्य त्याला निरोपाचा उपदेश करीत आहेत. देव कोणाकोणाला मानावे हे सांगताना ते प्रथम आईचे नाव घेतात. मग पिता, मग आचार्य आणि शेवटी अतिथी. हा क्रम आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातील पहिले आणि शेवटचे टोक यांच्यामधील अंतर आपल्या ध्यानातच येत नाही. आई ही घराच्या आतली, अतिथी हा उंबरठ्याबाहेरचा. ज्या स्त्रीने आईही व्हावे आणि आयुष्यभर परक्यांच्या दारी अतिथी होऊनही उभे राहावे, तिला काय म्हणावे? आजच्या मातृस्मरणाच्या निमित्ताने अशाच एका मातेचे चरित्र आपणापुढे ठेवतो. त्या म्हणजे पार्वतीबाई आठवले.

कोकणातील देवरूख हे त्यांचे माहेर. जन्म 1870 चा. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक मुलगा. त्या काळच्या ब्राह्मण घरांतील रीतीप्रमाणे केशवपन झाले, आलवण आले, आणि घराच्या मागच्या दारी राबण्याचे आयुष्य समोर दिसू लागले. अक्षरओळख बेताचीच. अशा बाईचे पुढे काय होत असे हे आपल्यातील वृद्ध मंडळींना निराळे सांगावयास नको. प्रत्येक घरात अशी एक आत्या किंवा काकू होऊन गेलेली आहे, आणि तिचे नाव मात्र पुष्कळदा कोणालाच आठवत नाही.

पार्वतीबाईंच्या थोरल्या भगिनी गोदूबाई यांना बालपणीच वैधव्य आले होते. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदासदन काढले, तेथे शिकावयास आलेल्या पहिल्या विधवा त्याच. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पुढे ‘बाया कर्वे’ म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झालेल्या त्या ह्याच. धाकट्या बहिणीने मात्र पुनर्विवाहाचा मार्ग पत्करला नाही. एका आईच्या दोन मुली, दोघींवर आघात एकच, वाटा दोन; आणि तरीही दोघींनी एकमेकींना दूर लोटले नाही. मतभेदामुळे जेवणाच्या पंक्ती मोडणाऱ्या आपणा मंडळींनी एवढी गोष्ट तरी या बहिणींपासून घेण्यासारखी आहे.

पंचविशी उलटल्यावर पार्वतीबाई पुण्यास बहिणीच्या घरी आल्या आणि खऱ्या अर्थाने शिक्षणास बसल्या. 1896 साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. 1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. त्या आश्रमाला मुली होत्या, ध्येय होते, पैसा नव्हता. तो आणावयाचा कोणी? ते काम पार्वतीबाईंनी आपल्याकडे घेतले. गावोगाव जावे, चार माणसे जमवून आश्रमाची हकीकत सांगावी, आणि झोळी पुढे करावी.

येथे क्षणभर थांबू. भिक्षा मागणे आपल्या धर्मात हीन मानलेले नाही. ब्रह्मचाऱ्याला भिक्षा हे व्रत आहे, संन्याशाला माधुकरी हे भूषण आहे. परंतु मुंडन केलेली, आलवण नेसलेली विधवा सभेत उभी राहून बोलू लागली म्हणजे तिच्याकडे कोणी ब्रह्मचाऱ्याच्या किंवा संन्याशाच्या नजरेने पाहात नसे. शुभकार्यात जिचे दर्शनही नको, ती आता समोर येऊन विधवांच्या शिक्षणासाठी द्रव्य मागते! अशा मागण्यास केवढे धैर्य लागत असेल याची कल्पना आपण घरी बसून करू शकत नाही.

आणि मुलाचे काय? हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. येऊ द्या, तो खरा प्रश्न आहे. आई फिरतीवर असली म्हणजे मूल दुसऱ्यांच्या सहवासात वाढते. त्याला ताप आला, परीक्षेची काळजी लागली, तर जवळ आई नसते. समाजकार्य करणाऱ्या पुष्कळ मातांच्या मुलांच्या मनात ही एक सल असते, आणि ती बोलून दाखविण्याचीही त्यांना चोरी असते, कारण जग त्यांच्या आईची स्तुती करीत असते. या सलीला कृतघ्नपणा म्हणून झिडकारणे मला न्याय्य वाटत नाही. आईचा सहवास हा मुलाचा हक्कच आहे.

पण मार्कंडेय पुराणातील मदालसेचे आख्यान आठवा. पहिल्या तीन मुलांना तिने पाळण्यातच ब्रह्मज्ञान पाजले. चौथा अलर्क मात्र राज्य सांभाळण्यासाठी वाढविला, कारण पतीची तशी विनंती होती. पुढे वनात निघताना तिने अलर्काच्या हाती एक अंगठी दिली आणि संकट ओढवले म्हणजे आतील लेख वाच, असे सांगितले. संकट आले, त्याने लेख वाचला. आसक्ती सोड, आणि ती सुटत नसेल तर सज्जनांची संगत धर, असा त्याचा आशय होता. आई जवळ नव्हती. तिने दिलेले जवळ होते. पार्वतीबाईंनी आपल्या मुलाला जी संगत दिली ती कर्व्यांच्या घराची होती. मदालसेची अंगठी याहून फार निराळी होती असे मला वाटत नाही.

1912 साली त्यांनी केशवपन व विधवेचा वेष सोडला. वीस वर्षांहून अधिक काळ पाळलेली रूढी सोडणे, तेही ज्यांच्या देणग्यांवर आश्रम चालतो त्यांच्यात सनातनी मंडळी असताना, हे सोपे नव्हते. संन्यास हा स्वेच्छेने घ्यावयाचा असतो. नाभिकाला बोलावून दुसऱ्याने लादलेला तो संन्यास नव्हे, हा विवेक त्यामागे होता असे मी समजतो. त्यानंतर 1918 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. हेतू इंग्रजी शिकण्याचा. जवळ द्रव्य नाही. परक्या देशात लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले, आणि 1920 साली परतल्या. 1928 साली ‘माझी कहाणी’ या नावाने त्यांनी आपले चरित्र लिहिले. तीही एक अंगठीच.

1920 सालीच सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास 15 लक्ष रुपयांचे दान दिले, आणि त्या विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. मातृस्मरणाचे याहून थोर स्मारक क्वचितच झाले असेल. पण त्या दानापूर्वी दोन दशके जी पैसा-आणा, मूठमूठ धान्य अशी भिक्षा दारोदार गोळा झाली, तिच्यावर कोणाचेच नाव नाही.

त्याच शिक्षावल्लीत आचार्य पुढे दानाविषयीही सांगतात: श्रद्धेने द्यावे, आणि लाजून द्यावे. देणाऱ्याने लाजावे! आपल्याकडे उलटे होते. लाजते ती मागणारी. आपल्या मंडळाच्या उत्सवाची वर्गणी मागण्यास ज्या वयस्क भगिनी येतात, त्यांना आपण दारातच उभे ठेवतो, सुट्टे नाहीत म्हणतो, पुढच्या आठवड्यास या म्हणतो. त्यांचे गुडघे दुखत असतात. मीही एकदा असे केले आहे, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या त्या पावलांचा आवाज मला अद्याप आठवतो.

पार्वतीबाई 1955 साली वारल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळाले ते 1958 साली. ते पाहावयास त्या नव्हत्या. बायाही 1950 सालीच गेल्या होत्या. ज्या माळावर एक झोपडी होती तेथे तोपर्यंत मुलींनी गजबजलेली शाळा उभी होती.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥